डाव्या खिशात चुंबक ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मॅग्नेटवालं पातळ कव्हर घेण्याआधी हे वाचाच’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. एकूण सात मुद्दे. पहिल्यात चुंबक फोनचं वाटोळं करतं आणि पाचव्यात तेच चुंबक माणसाचं रक्त सुधारतं. लिहिणाऱ्याला यात काही खटकलेलं दिसत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने तो हात जोडलेल्या इमोजीसकट टाकला. एरवी मी सोडून दिलं असतं. पण खाली आतोबांचं उत्तर आलं, ‘माझा फोन डाव्या खिशातच असतो, बरं झालं.’ आतोबांना पेसमेकर बसवलेला आहे.

म्हणून आधी पाचवा मुद्दा. रक्तात लोह असतं, लोहाला चुंबक ओढतं, तेव्हा मॅग्नेट कव्हर घातलेला फोन डाव्या खिशात ठेवला की हृदयाचा रक्तपुरवठा सुधारतो, असं मेसेज म्हणतो. अहो, रक्तातलं लोह म्हणजे खिळा नव्हे. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत सुटं सुटं, अणूअणूने बांधलेलं असतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ सालीच मोजून दाखवलं, की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट किंचित दूर सरतं. ऑक्सिजन सोडलेलं ओढलं जातं, पण तेही नावापुरतं. एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस दीड किंवा तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकात पडून असतो. मेसेज खरा असता तर तिथून कुणी उठूनच आला नसता.

इथपर्यंत हा नुसता मूर्खपणा आहे. पुढे तो जिवावर येऊ शकतो. ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर मॅगसेफ आणलं, म्हणजे फोनच्या पाठीत चुंबकांचं कडं, ज्याला चार्जर किंवा पॉवर बँक चिकटते. काही महिन्यांतच, २०२१ च्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ‘हार्ट रिदम’ या नियतकालिकात एक नोंद छापली. आयसीडी, म्हणजे जीवघेणे ठोके ओळखून आतून शॉक देणारं यंत्र बसवलेल्या रुग्णाच्या छातीवर डाव्या बाजूला त्यांनी हा फोन नेला. यंत्राने शॉक देण्याचं काम लगेच थांबवलं आणि फोन तिथे असेपर्यंत ते थांबलेलंच राहिलं. त्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या जर्नलमध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात तपासलेल्या तिन्ही रुग्णांच्या यंत्रांवर परिणाम दिसला, आणि शरीराबाहेर तपासलेल्या ११ यंत्रांपैकी ८ यंत्रांवर.

यंत्र बिघडतं असं नाही. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखायची सोय मुद्दाम ठेवलेली असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक ठेवतात, तेव्हा पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतो, आणि आयसीडी शॉक देणं थांबवते. चुंबक काढलं की पूर्ववत. डॉक्टर समोर बसून हे करतात तेव्हा ती तपासणी असते. दिवसभर सदऱ्याच्या खिशातून, कुणालाही न कळता झालं तर काय म्हणायचं?

एक मान्य करतो, कारण उगाच घाबरवायचंही नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मे २०२१ मध्ये धोका कमी असल्याचंच सांगितलं होतं. पण त्याच निवेदनात फोन अशा यंत्रापासून सहा इंच लांब ठेवायला सांगितलं आहे. ॲपलही तेच सांगते: १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० पेक्षा जास्त. सदऱ्याचा डावा खिसा आणि कातडीखालचा पेसमेकर यांत अंतर किती? दोन-चार बोटं. आणि कव्हरमध्ये स्वतःची चुंबकं असली की त्यांची भर वेगळी. फोन कसला आहे याने फरक पडत नाही. साध्या अँड्रॉइडला मॅग्नेटवालं कव्हर घातलं तरी नियम तोच.

बाकीचे मुद्दे भराभर. पहिला: चुंबकाने फोनची मेमरी पुसते. नाही. फ्लॉपी आणि हार्ड डिस्कवर माहिती चुंबकाने लिहिलेली असते. फोनमध्ये फ्लॅश मेमरी असते, तिथे ती विद्युतभाराच्या रूपात राहते. दुसरा: बॅटरी चुंबकाने ‘खेचली’ जाते. तेही नाही. वायरलेस चार्जिंगने फोन तापतो आणि उष्णता बॅटरीला वाईट, इतकं खरं. पण तो दोष चार्जिंगच्या पद्धतीचा. कव्हरमागे लोखंडी चकती चिकटवून त्यावरच वायरलेस चार्जर लावणारे लोक मात्र आपल्या हाताने संकट ओढवून घेतात, कारण ती चकतीच तापते.

तिसरा, एटीएम कार्डाचा. यात अर्धं खरं आहे. हॉटेलच्या खोलीची पट्टीवाली किल्ली मॅग्नेट कव्हरला चिकटवून ठेवली तर सहज पुसली जाते. बँकेच्या कार्डाची काळी पट्टी सहसा जास्त चिवट असते, आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१८ अखेरची मुदत घालून चिपवाली कार्डं आणायला लावली. चिप चुंबकाने पुसत नाही. तरी फोन आणि वायरलेस चार्जर यांच्यामध्ये कार्ड ठेवू नये. चौथा, होकायंत्र चुकतं. चुकू शकतं, कव्हर काढलं की सुधारतं. घ्या, हा मुद्दा तुमचा.

सहावा मुद्दा दुकानदारांचा लाडका: कव्हर जाड तेवढं सुरक्षित, पातळ म्हणजे फसवणूक. फोन फुटतो तो बहुतेकदा कोपऱ्यावर किंवा काचेवर तोंडघशी पडल्याने. कोपऱ्यात दाबला जाणारा टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक, आहे का, आणि कव्हरची कड स्क्रीनपेक्षा व कॅमेऱ्यापेक्षा वर येते का, हे बघा. हे असेल तर पातळ कव्हरही काम करतं. नखाएवढं पातळ, कडक, कड नसलेलं कव्हर मात्र ओरखड्यांपलीकडे काही वाचवत नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ या शिक्क्याला तर भुलूच नका. तो अमेरिकन सैन्याच्या ज्या मिल-एसटीडी-८१० चाचणीचा असतो तिच्यात वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, पण ते २६ आपट पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे. शिवाय अमेरिकन सैन्य कुणाच्याही कव्हरला असं प्रमाणपत्र देत नाही. कंपनीच चाचणी करते, कंपनीच छापते.

जाडीचा चुंबकाशी संबंध आहे, पण उलटा. अंतर वाढलं की पकड झपाट्याने कमी होते. आतल्या बाजूला स्वतःचं कडं नसलेलं जाड कव्हर चढवलं की पॉवर बँक लोंबकळते आणि पडते.

सातवा: एन५२ लिहिलेलं घ्या, मग बाइकच्या होल्डरवरही फोन हलत नाही. एन५२ ही चुंबकाच्या धातूची प्रत झाली. पकड किती, हे चुंबकं किती जाड, किती आणि कशी बसवलीत यावर ठरतं. खोक्यावरचे ‘२००० ग्रॅम’ बहुधा सरळ ओढण्याचे असतात. फोन मात्र घसरून पडतो, आणि घसरायला त्याहून फार कमी जोर पुरतो. बाइकवर नुसत्या चुंबकाच्या भरवशावर फोन लावू नका. शिवाय मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या थरथरीने कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्येच दिला आहे.

दुकानात गेलात की फोनला कव्हर घाला, मागे पॉवर बँक चिकटवा, फोन उभा धरून जरा हलवा. ती खाली सरकली, तर एन कितीही छापलेलं असो, दुसरं दाखवा म्हणा.