दोन पाटल्या झाल्या असत्या

दिवाळीला पुण्याला गेले तेव्हा आईने घड्याळ हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "सोन्याचं पाणी तरी आहे का?" म्हटलं, नाही, स्टील आहे. किंमत तिला आधीच कळली होती. सात हजार स्विस फ्रँकच्या आसपास, म्हणजे रुपयांत सात लाखांच्या वर. "एवढ्यात दोन पाटल्या झाल्या असत्या गं," ती म्हणाली.

मी सहा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बील-बिएनला राहते. निम्मं गाव जर्मन बोलतं, निम्मं फ्रेंच, आणि दोन्हींकडे घरटी कुणीतरी घड्याळाच्या कारखान्यात काम केलेलं. ओमेगा ही घड्याळाची कंपनी इथे १८८० पासून आहे. तिचंच स्पीडमास्टर मी चार वर्षं पैसे बाजूला टाकून सप्टेंबरात घेतलं. हे मॉडेल १९५७ चं, मोटार शर्यतींसाठी काढलेलं. पुढे १ मार्च १९६५ ला नासाने ते अंतराळवीरांसाठी मंजूर केलं. चंद्रावर गेलेलं घड्याळ म्हणून लोक त्याला ओळखतात, पण मला अपोलो १३ ची गोष्ट जास्त जवळची वाटते. एप्रिल १९७० मध्ये यान निकामी झालं, वीज वाचवण्यासाठी यंत्रणा बंद ठेवलेल्या, आणि परतीचा मार्ग सुधारायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद अंतराळवीर जॅक स्वायगर्टने मनगटावरच्या अशाच घड्याळावर मोजले.

याला सेल नाही, आणि हात हलला म्हणून आपोआप चावीही भरत नाही. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी चावी देते. चावी लहान आहे आणि दोन बटणांच्या मध्ये दबलेली, त्यामुळे पहिला आठवडा बोटं दुखली. देत गेलं की हळूहळू जड होत जाते आणि एका ठिकाणी ठाम थांबते, की मग साधारण ५० तासांची निश्चिंती. दोनच्या आकड्याजवळचं बटण दाबलं की आधी थोडा अटकाव जाणवतो, मग खट्, आणि स्टॉपवॉचचा मोठा काटा निघतो. नीट पाहिलं तर तो सरकत नाही, एका सेकंदात सहा बारीक पावलं टाकतो. तेच बटण पुन्हा दाबलं की थांबतो, आणि मग खालचं बटण दाबलं की मोजणीचे सगळे काटे शून्यावर उडी मारतात. वरण शिजायला लावलं की मी हे मुद्दाम करते.

काचेभोवतीच्या कड्यावर आकडे आहेत, ते वेगाचे. एक किलोमीटर जायला लागलेल्या सेकंदांवर काटा थांबवला की समोर ताशी वेग वाचायचा. नवरा गाडी चालवत होता तेव्हा हायवेवर करून पाहिलं. काटा बरोबर ३० वर थांबला, म्हणजे १२०, आणि इथल्या हायवेची मर्यादाही तेवढीच. ३६०० भागिले ३० हे शाळकरी गणित आहे, पण ते एका काट्याने करून दाखवलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

काच खरी काच नाही, एक प्रकारचं प्लास्टिक आहे. आठव्या दिवशी दाराच्या चौकटीला हात लागला आणि ओरखडा आला. पॉलिश लावून कापसाने पाच मिनिटं घासलं, गेला.

आता घरच्या वादाकडे येते. भारत आणि एफ्टा, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन, यांच्यातला व्यापार करार १० मार्च २०२४ ला झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांवरची आयात जकात सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जायची आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळीभर हेच चाललं होतं. मामेभाऊ खूश, घड्याळं स्वस्त होणार. काका चिडलेले. एकीकडे स्वदेशी म्हणायचं आणि दुसरीकडे श्रीमंतांच्या चैनीची जकात काढायची. अशानेच एचएमटी गेली, असं त्यांचं म्हणणं. दोघांनी मला मत विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

काकांचा राग मला समजतो. सात लाखांत एखाद्या मुलीचं शिक्षण होतं, हे खरं आहे, आणि घड्याळ कितीही आवडलं तरी माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण एचएमटीबद्दल ते चुकतात. एचएमटीची घड्याळं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला सुरू झाली. तेव्हा परदेशी घड्याळ उघडपणे फारसं येत नव्हतं, चोरून यायचं. तिला मोठा धक्का बसला तो देशातूनच. होसूरच्या टायटनने सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळांवर भर दिला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचं ठरवलं, ते जकात असतानाच.

तीच क्वार्ट्झची लाट इथे स्वित्झर्लंडमध्येही येऊन गेली. १९७० मध्ये या धंद्यात सुमारे ९० हजार माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीसेक हजार उरली. माझ्या शेजारच्या आजोबांची नोकरी तेव्हाच गेली. पण शिकवणं थांबलं नाही. आजही इथे सोळा वर्षांचं पोर घड्याळजी व्हायचं म्हणून तीन-चार वर्षं शिकतं, काही दिवस शाळेत आणि काही दिवस कारखान्यात. नोशातेलची वोस्टेप ही संस्था १९६६ पासून याच कामासाठी आहे. आजोबांना घड्याळ दाखवलं तर त्यांनी ते कानाला लावलं आणि एवढंच विचारलं, "दिवसाला किती पुढे जातं?" तीन सेकंद, म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

पुण्यात बाबांची एचएमटी जनता ऑइलिंगला द्यायची होती. लक्ष्मी रोडच्या एका बोळात अजून एक घड्याळजी बसतात. डोळ्याला भिंग, समोर काचेच्या उपड्या ग्लासाखाली कुणाचं तरी उघडलेलं मशीन. माझ्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं. "बघू?" म्हणाले आणि त्यांनीही ते आधी कानाला लावलं. मग बटण एकदा दाबून पाहिलं, काटे शून्यावर आणले आणि परत दिलं. "याला वेगळी हत्यारं लागतात. मला नाही जमायचं." किंमत त्यांनी विचारली नाही. जनता चार दिवसांत दिली, पाचशे रुपये घेतले. शिकायला कुणी येतं का, विचारलं, तर शेवटचा मुलगा कोविडच्या आधी होता, आता मोबाइल दुरुस्त करतो.

म्हणून मला वाटतं, आपण जकातीवर भांडतोय ते चुकीचं भांडण आहे. या करारात एफ्टा देशांनी १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख रोजगार यांसाठी प्रयत्न करायचं कबूल केलं आहे. त्यातून महाराष्ट्राने घड्याळजी घडवणारी एक शाळा मागावी. एका वर्गात वीस मुलंमुली, हत्यारं, आणि इथून दोन शिक्षक. आयटीआयच्या आवारात बसेल एवढीच मागणी आहे. घड्याळं स्वस्त झाली तर येऊ देत. पण ती दहा वर्षांनी उघडायची वेळ येईल तेव्हा उघडणारा हात आपल्या गावात नसेल, तर सुट्या भागांसारखी ती उघडणारी माणसंही बाहेरूनच आणावी लागतील. सोनं मोडून पैसे होतात, हे आईचं म्हणणं बरोबर आहे. घड्याळ मात्र उघडून पुन्हा चालतं करता येतं, आणि ते करणारा माणूस आपण जपायला हवा, एवढं मला काकांना आणि मामेभावाला दोघांनाही सांगायचं आहे.

निघताना घड्याळजींनी एकच वस्तू मागितली. पाच नंबरचा चिमटा, चुंबक न धरणाऱ्या स्टीलचा. त्यांच्याकडचा टोकाला वाकलाय आणि घासून घासून आखूड झालाय. गेल्या शनिवारी इथल्या हत्यारांच्या दुकानातून दोन घेतले. टोकं मोडू नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकची टोपणं आहेत. जानेवारीत जायचंय, ते बॅगेत सगळ्यात वर ठेवलेत.