शताब्दी दारात आली

महात्मा गांधींनी आयुष्यात काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले आणि ते अधिवेशन २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी आमच्या बेळगावात, टिळकवाडीत भरले, ही गोष्ट मी परगावच्या पाहुण्यांना चहा येण्याआधीच सांगून टाकत असे. २०२४ साली त्याच अभिमानाला चर पडेल, असे मात्र वाटले नव्हते.

शताब्दीनिमित्त शहर सुशोभित होणार, असे ऐकले आणि आठवडाभरातच आमच्या फाटकासमोर कंबरभर चर उघडला. समोरचे काका गॅलरीतून म्हणाले, "काय ओ, शताब्दी थेट तुमच्याच दारात आली की!" माझी स्कूटर आत अडकली होती आणि मी भाजीची पिशवी घेऊन बाहेर. चरावर कोणीतरी टाकलेल्या एकुलत्या एका फळीवरून ये-जा करताना, गुडघे दुखतात ही माझी जुनी तक्रार किती चैनीची होती, ते कळले. तिसऱ्या दिवशी नळाची पाइप फुटली.

संबंधित कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या गृहस्थांनी फार अदबीने नकाशा उलगडून दाखवला. त्यात फुलझाडे होती, दिवे होते, बाके होती. आमचे फाटक तेवढे नव्हते. खणणारे खाते वेगळे, बुजवणारे वेगळे आणि फरशी बसवणारे त्याहून वेगळे असल्यामुळे, पाइप नेमकी कोणाच्या हद्दीत फुटली हे ठरल्याखेरीज ती कोणालाच जोडता येणार नव्हती. "नाळे बन्नि," म्हणजे उद्या या, असे त्यांनी सांगितले. मी सलग सहा उद्या गेलो.

शंभर वर्षांपूर्वी त्या अधिवेशनासाठी काँग्रेसचे इथले पुढारी गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माळावर 'विजयनगर' नावाचे तात्पुरते गाव उभारले होते आणि प्रतिनिधींच्या पाण्याची सोय म्हणून एक विहीर खोदली होती. पंपा सरोवर नावाची ती विहीर आजही आहे. (मी लहानपणी तिच्यात डोकावल्याबद्दल मार खाल्ला आहे.) त्यांनी खणले तेव्हा पाणी लागले, आमच्याकडे खणले तेव्हा होते ते गेले.

डिसेंबरात गाव रोषणाईने असे झळाळले की फळीवर पाय कुठे ठेवायचा, ते मला प्रथमच स्पष्ट दिसू लागले. बादल्या मात्र काकांकडूनच येत होत्या.

आमच्या भागात पूर्वी दाराशी आलेल्या भुताला चकवण्यासाठी दारावर 'नाळे बा' असे लिहून ठेवत. भूत ते वाचून परत जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. सातव्या उद्याला मी वैतागून खडूने फाटकावर तेच दोन शब्द कन्नडमध्ये लिहिले आणि बाजारात गेलो. परतल्यावर काकांनी सांगितले की चर बुजवायला माणसे आली होती, फाटक वाचून निघून गेली.