मागचे कॅलिपर 'सरळ बसतात', असं म्हणणाऱ्यांना

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत कॅलिपरबद्दल, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाबद्दल, एक सल्ला सारखा फिरतो: 'पुढच्या पिढीच्या मॉडेलचे मागचे कॅलिपर आणा. भोकं तीच आहेत, दोन बोल्ट काढा, दोन लावा. पिस्टन मोठा, म्हणून ब्रेकही जोरदार.'

भोकं तीच? एकाच कंपनीच्या गाड्यांत असतातही पुष्कळदा. पण पॅड डिस्कवर नीट टेकायला हवेत. मोठ्या डिस्कसाठीचा कॅलिपर लहान डिस्कवर लावला, तर पॅडचा वरचा भाग कडेबाहेर राहतो. तेवढा भाग झिजत नाही आणि तिथे ओठासारखी कड तयार होते.

पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, मोठा, हे खरं. ३४ मिलिमीटरच्या जागी ३८ आला की त्याच दाबाला जोर साधारण २५ टक्क्यांनी वाढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. मात्र हा जोर वाढतो मागच्या चाकांवर. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. ती पुढच्यांच्या आधी लॉक झाली, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागली, तर ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह असला तरी तो जुन्या पिस्टनच्या हिशेबाने बसवलेला. वर मोठ्या पिस्टनला ब्रेक ऑइल जास्त लागतं आणि पेडलच्या जोराने ते ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच, त्यामुळे पेडल खोल जातं. मग 'हवा राहिली असेल' म्हणत लोक तीन-तीनदा ब्लीडिंग करत, म्हणजे ऑइलमधली हवा काढत बसतात!

'हँडब्रेकची वायर ओढून अडकवता येते' हा तर सगळ्यात घातक भाग. अनेक मागच्या कॅलिपरांत हँडब्रेकचा स्क्रू पिस्टनच्या आतच असतो. म्हणून तो पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. वायर ताणून बसवली की बाहेरचा लिव्हर पूर्ण परत येत नाही, झीज भरून काढणारी आतली ॲडजस्टमेंट होत नाही आणि पॅड घासत राहतात. हँडब्रेक सोडून गाडीखाली बघा: लिव्हर आणि त्याच्या टेकूत फट दिसली, तर वायर ताणलेलीच आहे. काही नव्या मॉडेलांत हँडब्रेकचे शू, म्हणजे त्याचे वेगळे कमानदार पॅड, डिस्कच्या आतच असतात. त्या कॅलिपरला लिव्हरच नसतो, मग वायर अडकवणार कुठे?

नळीच्या बोल्टचे आटेही तपासा. दोन्ही १० मिलिमीटरचे दिसतात, पण एकाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर, दुसऱ्याचा १.२५. दोन आटे हाताने जातात, मग पान्याने जोर लावला की संपलं.

बदलायचंच असेल तर ब्रॅकेट, डिस्क आणि वायर, ज्या गाडीचा कॅलिपर त्याच गाडीची घ्या. आणि आधी पिस्टनला व्हर्नियर (व्यास मोजायची मापपट्टी) लावा. माप जुन्याइतकंच निघालं, तर माझी हरकत नाही.