‘वॉर मशीन’: यापेक्षा खरा जनरल जास्त विनोदी होता

ब्रॅड पिट, टिल्डा स्विंटन, बेन किंग्जले. संगीत निक केव्ह आणि वॉरन एलिसचं. आणि घडलेली हकिगतच अशी की पटकथाकाराने फक्त तिच्या वाटेत आडवं यायचं नाही. एवढं सगळं हाताशी असून डेव्हिड मिशोडचा ‘वॉर मशीन’ (२०१७, नेटफ्लिक्स) इतका मिळमिळीत कसा झाला, याचा राग काल सिनेमा संपल्यापासून डोक्यात आहे, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, आधीच सांगते.

आधी मूळ प्रकरण. २००९ मध्ये अफगाणिस्तानातल्या अमेरिकी आणि मित्रदेशांच्या फौजांची सूत्रं जनरल स्टॅन्ली मॅकक्रिस्टल यांच्याकडे आली. दिवसातून एकदाच जेवणारा, चार तास झोपणारा, रोज मैलोन्‌मैल धावणारा माणूस. त्यांनी चाळीस हजार जादा सैनिक मागितले, ओबामांनी तीस हजार दिले. पुढे मायकेल हेस्टिंग्ज या पत्रकाराला त्यांच्या गोतावळ्यासोबत युरोपात फिरायची मुभा मिळाली. त्यात आइसलँडचा ज्वालामुखी उसळला, विमानं बंद पडली, मुक्काम लांबला आणि जिभा सैल सुटल्या. जून २०१० मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेख आला. उपाध्यक्ष बायडेनपासून वरच्या सगळ्यांची या मंडळींनी उडवलेली टर त्यात जशीच्या तशी छापलेली. जनरलसाहेबांची तडकाफडकी उचलबांगडी झाली. आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावर कोण? छातीवर मशीनगन बसवलेली लेडी गागा. पटकथेत कुणी हे लिहिलं असतं तर ‘जरा अतीच होतंय’ म्हणून निर्मात्याने काट मारली असती.

सिनेमा याच प्रकरणावरच्या हेस्टिंग्जच्या ‘द ऑपरेटर्स’ या पुस्तकावर बेतलेला आहे. जनरलचं नाव बदलून ग्लेन मॅकमहन केलंय, ओबामा आणि तेव्हाचे अफगाण अध्यक्ष करझाई मात्र खऱ्या नावाने वावरतात. इथूनच शंका यायला लागते की यांना नक्की कुणाला चिमटा काढायचाय आणि कुणाला नुसतं गुदगुल्या करून सोडायचंय.

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे निवेदन. पत्रकाराचा आवाज सुरुवातीलाच सांगून टाकतो की जिंकता न येणारं युद्ध असलं की काय करायचं, तर जो जिंकत नाहीये त्याला हाकलायचं आणि दुसरा आणायचा. वाक्य फक्कड आहे. पण हेच तर आपल्याला दोन तासांत हळूहळू उमगायला हवं होतं ना? निष्कर्ष दारातच हातात ठेवला, आता आत बसून करायचं काय? पुढेही तेच. कुणी मूर्खपणा केला रे केला की आवाज हजर, ‘बघा, कसा मूर्ख आहे’ म्हणायला. उपहासाला सरळ चेहरा लागतो. इथे सिनेमा स्वतःच्याच विनोदावर आधी हसून घेतो.

दुसरी गोष्ट जनरल झालेला ब्रॅड पिट. मला हा नट मनापासून आवडतो, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. एक डोळा बारीक, जबडा पुढे, आवाज घशातून खरवडून काढलेला, बोटं पंज्यासारखी आखडलेली. धावतानाही हात तसेच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. पण अर्धा तास उलटला तरी डोळा बारीकच! बरं, आजूबाजूचे सगळे सरळ वास्तववादी काम करतायत. म्हणजे हा एकटा व्यंगचित्रातून उतरलाय आणि बाकीचे बातमीपटात आहेत. ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या अणुयुद्धावरच्या उपहासपटात (१९६४) जॉर्ज सी. स्कॉट याहून चौपट आरडाओरडा करतो, पण तिथे अख्ख्या खोलीचाच सूर तो असतो. आणि त्याच सिनेमाचा दिग्दर्शक कुब्रिक, त्याने शेवटची क्रीम-केक फेकाफेकी चित्रित करूनही कापून टाकली होती, कारण ती उपहासातून थिल्लरपणाकडे चालली होती. हे ‘कुठे थांबायचं’ मिशोडला सापडलेलंच नाही.

आणि मूळ ऐवज किती भन्नाट होता! खरे मॅकक्रिस्टल स्वतः एक गणित सांगायचे. दहा बंडखोर आहेत, दोन मारले, उरले किती? आठ नाही. वीस, कारण मेलेल्यांचे भाऊबंद सामील होतात. युद्ध करायला आलेला सेनापतीच सांगतोय की मारलं की शत्रू वाढतो, आणि तरी मोहिमेचा आराखडा तयारच! अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतातल्या मार्जावर फेब्रुवारी २०१० मध्ये चढाई झाली तेव्हा ‘खोक्यात भरून सरकार तयार ठेवलंय’ अशा अर्थाचं ते बोलले होते. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी रॉकेटांनी बारा नागरिक मेले आणि त्यांना करझाईंची माफी मागावी लागली. मे महिन्यात तेच मार्जाला ‘वाहता अल्सर’ म्हणत होते. ते वीसवालं गणित सिनेमात आहेही. पण तोवर आपलं सगळं लक्ष जबड्याकडे.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. तोंडाने सिनेमा म्हणतो की दोष व्यवस्थेचा, आणि कॅमेरा रोखून ठेवतो एका तऱ्हेवाईक माणसावर. त्यामुळे प्रेक्षकाला वाटतं, हा येडा नसता तर जमलं असतं बहुतेक. ज्यांनी माणसं पाठवली, पैसे मंजूर केले, दरवर्षी ‘परिस्थिती सुधारतेय’ म्हणून सांगितलं, ते सगळे अलगद सुटतात. मॅकक्रिस्टल यांचा गुप्तवार्ता प्रमुख मायकेल फ्लिन, त्याच्यावर बेतलेलं पात्रसुद्धा घ्या. प्रदर्शनाच्या तीनच महिने आधी खऱ्या फ्लिनला ट्रम्पच्या सुरक्षा सल्लागारपदावरून चोवीस दिवसांत जावं लागलं होतं. इतकं ताजं कोलीत हातात, आणि सिनेमात तो नुसता तापट, शिव्या घालणारा गडी.

करझाई झालेला किंग्जले मजा आणतो. या नाटकात भूमिका दिल्याबद्दल तो जनरलचे आभार मानतो, तो प्रसंग झकास. पण त्याच्यापलीकडे अफगाण माणूस सिनेमात जवळजवळ नाहीच. चकमक होते, सामान्य लोक मरतात, आणि त्या भागात सिनेमा एकदम गंभीर युद्धपट होऊन बसतो, मागचा टवाळ तास आपला नव्हेच असा.

तीन जागा मात्र खणखणीत. लाकीथ स्टॅनफिल्डचा कॉर्पोरल जनरललाच विचारतो की सामान्य लोक कोण आणि शत्रू कोण, हे ओळखायचं कसं. जनरल छापील उत्तर देतो, तो पुन्हा म्हणतो कळलं नाही, आणि हळूहळू लक्षात येतं की उत्तर नाहीच. बर्लिनमध्ये टिल्डा स्विंटनची जर्मन राजकारणी अत्यंत सभ्य शब्दांत त्याच्या महत्त्वाकांक्षेची चिरफाड करते. आणि पॅरिसमध्ये मेग टिली, त्याची बायको, गेल्या काही वर्षांत आपण वर्षाकाठी तीस दिवससुद्धा एकत्र नव्हतो, हा हिशेब मांडते. तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस शांत बोलतो आणि पिटच्या तोंडावरचे हावभाव आपोआप गळून पडतात. पण असे प्रसंग तीनच.

शेवटी रसेल क्रो येतो, नवा सेनापती म्हणून. संवाद नाही, फक्त ऐटीत चालणं आणि मागे तसाच ताफा. अख्ख्या सिनेमात निवेदनाला जे जमलं नाही ते या चालण्यात आहे. प्रत्यक्षात ती खुर्ची जनरल पेट्रेयसना मिळाली, वर्षभर टिकली, आणि त्यांच्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडेपर्यंत आणखी पाच जण तिच्यावर बसून गेले.