दाजी, हलू नका!

मेव्हण्याला दारूचा नाद असेल तर लोक आपल्याला त्याच्यापासून लांब राहायला सांगतात. जंगलाचा असेल तर म्हणतात, ‘तुम्हीपण जा की बरोबर, तेवढाच व्यायाम!’ या न्यायानं ऑक्टोबरच्या शेवटी मी भल्या पहाटे साताऱ्यातून निघालो आणि कासमार्गे बामणोलीला जाऊन वासोट्याच्या लाँचमध्ये बसलो. कासची फुलं संपली होती. ‘पुढच्या वर्षी’, मेव्हणा म्हणाला. निसर्गप्रेमी माणसाचं निम्मं आयुष्य पुढच्या वर्षात जातं.

वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. शिवसागर जलाशयाच्या पलीकडं वनखात्याच्या चौकीवर आमच्याकडचं प्लास्टिक मोजून घेतलं. येताना तेवढंच दाखवायचं. ही पद्धत मंगल कार्यालयांतही सुरू करायला हरकत नाही. भडंगाची पिशवी मात्र मेव्हण्यानं सॅकच्या तळाशी दडपली. भडंग खाल्ल्याचा आवाज गव्याला खोऱ्यापलीकडं ऐकू जातो म्हणे.

ताडोब्यात वाघ रस्त्यावर येऊन उभा राहतो. इथं झाडी एवढी दाट की प्राणी दिसत नाही, त्याचा पुरावा दिसतो. सालीवर अस्वलाचे ओरखडे. वाटेत बिबट्याची विष्ठा. मेव्हण्यानं उकिडवं बसून ती काडीनं उकलली आणि आतले केस बघून जाहीर केलं, ‘भेकर खाल्लंय.’ याचा स्वतःचा पोरगा काल काय जेवला, हे विचारा त्याला.

मग शेकरू.

‘दाजी, हलू नका. हिरड्याच्या मागं जांभूळ आहे ना?’

जांभळं लागल्याशिवाय मला जांभूळ ओळखता येत नाही. तरी मी ‘हो’ म्हणालो.

‘तिची डावी फांदी. ते मोठं पान दिसतंय? त्याच्या मागं.’

कोयनेच्या जंगलात ‘ते मोठं पान’! मी दुर्बीण लावली. सगळं हिरवं. फोकस फिरवला. सगळं धुरकट हिरवं. ‘गेलं,’ मेव्हणा म्हणाला. पुरावा म्हणून त्यानं शेंड्यावरचं काटक्या-पानांचं गोल घरटं दाखवलं. तेवढ्यात आणखी एक दाखवलं. एकेक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. मी अजून वन बीएचकेचे हप्ते फेडतोय.

एक वन्यजीव मात्र मी दुर्बिणीशिवाय पाहिला. गवताच्या पात्याच्या टोकावर एक काळी काडी उभी होती. मी थांबलो तशी ती माझ्याकडं वळली, लांब झाली, आखडली, पुन्हा लांब झाली. एवढ्या आपुलकीनं आमच्याकडं फक्त विमा एजंट बघतो. तोवर तिची बहीण मोज्यात शिरून जेवायला बसलीसुद्धा होती. मी मिठाची पुडी काढली.

‘दाजी, मीठ नको! अभयारण्यात आहोत आपण!’

‘अरे, रक्त पितेय माझं!’

‘पोट भरलं की आपणच सुटेल.’

ती सुटली, रक्त थांबेना. जळू चावताना रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते, ही माहिती मेव्हण्यानं मला पूर्ण गड उतरेपर्यंत पुरवली.

रात्री बायकोनं विचारलं, ‘मग? काय काय बघितलं?’

‘गव्याचं शेण.’

ती क्षणभर थांबली. ‘त्यासाठी लाँचचे पैसे भरले? आत्याच्या गोठ्यात या म्हणून ती चार वर्षं बोलावतेय.’