प्रदर्शन केंद्र म्हणजे नुसतं मोठं शेड?

उपनगरात प्रदर्शन केंद्र बांधायचं म्हटलं की ठरावीक तीन वाक्यं फिरू लागतात: ‘हे तर मोठं शेड, मैदानात मंडप घातला तरी भागतं. वर्षातले निम्मे दिवस तिथे कुलूप. आणि मेट्रो आणली की वाहतुकीची कटकट मिटली.’

आधी मंडप. साड्या, पुस्तकं, लोणची-पापड यांना तो पुरतो, वाद नाही. पण मशिन टूलच्या, म्हणजे धातू कापून भाग घडवणाऱ्या यंत्रांच्या, प्रदर्शनात मशिनिंग सेंटर नावाचं बारा टनांचं यंत्र येतं आणि त्याचा सगळा भार पाच-सहा छोट्या पॅडांवर एकवटतो. मुरमावर प्लायवूड टाकून ते उभं केलं तर एखादा पाय काही मिलिमीटर दबतो, लेव्हल जाते आणि मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) अचूकता दाखवायला आणलेलं मशीन सगळ्यांदेखत चुकीच्या मापाचा भाग काढतं. म्हणून जड यंत्रांच्या हॉलची जमीन चौरस मीटरला पाच टनांच्या आसपास भार धरून करतात. जमिनीतल्या चरांमधून थ्री-फेज वीज, कॉम्प्रेस्ड हवा, पाणी आणि निचरा येतो. चरावरचं झाकण मात्र एवढा भार घेत नाही. स्टॉलच्या नकाशात चरांच्या रेषा दाखवल्या नाहीत, तर मशीनचा पाय नेमका झाकणावर येतो आणि क्रेन आल्यावर धावाधाव होते.

कुलपाचं गणित तिकिटाचे दिवस मोजून होत नाही. चार दिवसांच्या यंत्र-प्रदर्शनाला आधी तीन दिवस मांडणी आणि नंतर दोन दिवस उचलाउचल लागली, तर हॉल नऊ दिवस अडकतो. तक्रारीत तथ्य आहे ते एवढंच, की सरकत्या भिंतींनी विभागता न येणारा अवाढव्य हॉल बांधला तर छोटे आयोजक फिरकत नाहीत.

राहिली मेट्रो. दिल्लीत द्वारकेच्या ‘यशोभूमी’ या प्रदर्शन केंद्रापर्यंत २०२३ साली मेट्रोची एअरपोर्ट एक्सप्रेस नेली, तरी जमिनीखाली तीन हजारांवर गाड्यांचं पार्किंग ठेवावंच लागलं. मुंबईत गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्राला २०१६पासून लोकलचं राममंदिर स्थानक जवळ पडतं. पण लोकलने माणसं येतात, माल येत नाही. शहरात जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, त्यामुळे ट्रक रात्री थव्याने येतात. त्यांना आवारातच थांबवून क्रमाने आत घ्यावं लागतं: दारापासून सर्वात लांबचा आणि सर्वात जड माल आधी. हलक्या स्टॉलचं सुतारकाम पुढे उभं राहिलं, तर क्रेनचा बूम (लांब हात) वळत नाही. शिवाय यंत्रांची रिकामी लाकडी खोकी प्रदर्शन संपेपर्यंत कोरडी ठेवायला जागा हवी, कारण परतीचा माल त्यांतच भरायचा असतो. ही जागा बहुतेक आराखड्यांत विसरलेली असते.