लिथियमच्या गोळीने अल्झायमर बरा होत नाही

‘हार्वर्डचा शोध! लिथियम ओरोटेटची रोज एक गोळी घ्या, गेलेली स्मृती परत येते’ असा फॉरवर्ड फिरतोय. लिथियम ओरोटेट म्हणजे लिथियमचा एक क्षार. संशोधन खरं आहे, गोळीचा सल्ला मात्र फॉरवर्ड करणाऱ्याचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये हार्वर्डचे संशोधक ब्रूस यांकनर यांच्या गटाचा शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. अल्झायमरमध्ये मेंदूत ॲमिलॉइड या प्रथिनाचे थर साचतात आणि तिथे मुळातच अत्यल्प असणारं लिथियम ते अडकवून ठेवतात. मग लिथियमअभावी पेशीतले संदेश पुढे धाडणारं जीएसके-३ बीटा हे एन्झाइम जास्तच चेकाळतं. त्याचं काम प्रथिनांना फॉस्फेट चिकटवायचं. चेतापेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना टाऊ हे प्रथिन धरून ठेवतं. त्याच्यावर फॉस्फेटची गर्दी झाली की ते नळ्यांवरून सुटतं आणि त्याचा गुंता होतो. ओरोटेट दिल्यावर हा बिघाड मागे फिरला, पण उंदरांत! त्याने माणसाचा अल्झायमर बरा झाल्याचा पुरावा नाही.

आणि लिथियम म्हणजे काही च्यवनप्राश नव्हे. मनोविकारात ते देताना डॉक्टर रक्तातली पातळी, किडनी, थायरॉइड तपासत राहतात. आजोबा गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेत असतील, तर ही पातळी आणखी चढू शकते. डबी ऑनलाइन मागवून झालीच असेल, तर उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.